न वाचता येणारं अक्षर : जपानी शिकवणाऱ्या सॉफ्टवेअरचा इतिहास



आजची गोष्ट एका साध्या अडचणीपासून सुरू होते. समोर एक अक्षर आहे आणि ते तुम्हाला वाचता येत नाही. मग ते शब्दकोशात शोधायचं कसं?

मराठीत हा प्रश्न पडतच नाही. ‘उपरणं’ म्हणजे काय हे माहीत नसलं, तरी शब्द वाचता येतो. उ काढा, मग प, मग र. पानं उलटत गेलं की शब्द हाती लागतो. जपानी शिकणाऱ्याची पंचाईत नेमकी इथे होते. जपानी लिखाणात तीन लिप्या एकत्र नांदतात. हिरागाना आणि काताकाना या दोन उच्चारानुसारी लिप्या, प्रत्येकी ४६ मूळ अक्षरांच्या. मन लावलं तर दोन-तीन आठवड्यांत येतात. तिसरी कांजी, म्हणजे चीनमधून आलेली अक्षरं. रोजच्या वापरासाठी जपान सरकारने ठरवलेल्या यादीत २०१० पासून २,१३६ कांजी आहेत, आणि बहुतेकींचे दोन-तीन तरी उच्चार आहेत. अक्षर बघून उच्चार कळत नाही आणि उच्चार कळल्याशिवाय कोश उघडता येत नाही. किल्ली आत आणि लॅच लागलेलं, अशी गत!

आज पुण्यातली, इंदूरमधली किंवा बेंगळुरूतली एखादी मुलगी मोबाईलवर जपानी बातमी उघडते, शब्दावर बोट ठेवते आणि अर्थ समोर येतो. तो शब्द पाठ करायला टाकला की तो चार दिवसांनी, मग दहा दिवसांनी आपोआप पुन्हा समोर येतो. तिला वाटतं, अ‍ॅप छान आहे. पण त्या एका बोटाखाली शेकडो वर्षांची मेहनत आहे, आणि तिच्यातली बरीचशी स्वतःच्या गरजेपोटी कामाला लागलेल्या माणसांनी केली आहे. ती माणसं कोण होती ते आज बघू. शेवटी एका उणिवेबद्दलही बोलू. ती उणीव त्यांची नाही, आपली आहे.

आ, इ, उ, ए, ओ

आधी क्रमाचं बघू, कारण कोश म्हणजे शेवटी क्रमच. आजचे जपानी शब्दकोश कोणत्या क्रमाने लावतात? आ, इ, उ, ए, ओ. मग का, कि, कु, के, को. पुढे सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा.

ओळखीचं वाटतंय ना? क, च, ट, त, प, य, र, ल, व म्हणत वाढलेल्या माणसाला ते वाटणारच. हा क्रम आपल्या वर्णमालेतूनच तिकडे गेला. बौद्ध भिक्षूंना मंत्रांसाठी संस्कृत उच्चार हवे होते आणि ते सिद्धम् लिपीतून शिकवले जात. बोधिसेन नावाचा भारतीय भिक्षू ७३६मध्ये जपानात पोहोचला आणि नारा इथल्या महाबुद्धाच्या मूर्तीचा नेत्रोन्मीलन विधी ७५२मध्ये त्याच्या हातून झाला. कूकाइ हा जपानी भिक्षू ८०४मध्ये चीनला गेला आणि तिथे एका भारतीय गुरूकडे संस्कृत शिकून परतला. या परंपरेतून जपानी ध्वनींचा तक्ता तयार झाला. त्याला ‘गोजूओन’ म्हणतात, म्हणजे पन्नास ध्वनी.

मग ‘च’च्या जागी ‘सा’ आणि ‘प’च्या जागी ‘हा’ कसा आला? भाषा बदलली म्हणून. आजच्या ‘सा’ ओळीचा उच्चार त्या काळी ‘च’ किंवा ‘त्स’च्या जवळचा असावा, असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. आजचा ‘ह’ हा जुना ‘प’. उच्चार सरकले, जागा तीच राहिली.

अनेक शतकं जपानात याद्या लावायला ‘इरोहा’ नावाचा दुसराच क्रम जास्त चालत होता. ओत्सुकी फुमिहिको यांचा ‘गेंकाइ’ हा आधुनिक कोश १८८९ ते १८९१मध्ये निघाला, तो मात्र पन्नास ध्वनींच्या क्रमाने लावलेला होता. पुढे हाच क्रम रूढ झाला. आज जपानी मोबाईलचा बारा बटनांचा कीबोर्ड उघडा. बटनांवर अ, क, स, त, न, ह, म, य, र, व अशीच अक्षरं ओळीने दिसतील. आपल्या आजीची बाराखडी तिथे फोनच्या पडद्यावर बसली आहे.

गोव्याहून नागासाकीला

क्रम मिळाला. पण परक्या माणसाला जपानी शिकवणारा कोश कधी आला? त्या गोष्टीचा एक धागा गोव्यातून जातो.

कागोशिमाचा आंजिरो नावाचा माणूस एका खुनाच्या प्रकरणातून पळून मलाक्क्याला पोहोचला. तिथे त्याची फ्रान्सिस झेवियरशी गाठ पडली. १५४८मध्ये तो गोव्यात आला, सेंट पॉल कॉलेजात राहिला, त्याचा बाप्तिस्मा झाला आणि तो पोर्तुगीज लिहाय-वाचायला शिकला. पुढच्या वर्षी १५ ऑगस्टला झेवियर कागोशिमाला उतरला, तेव्हा दुभाष्या म्हणून आंजिरो सोबत होता. त्या वेळी मिशनऱ्यांकडे ना कोश होता, ना व्याकरण. सगळी भिस्त या एका माणसावर.

एका माणसावर किती काळ चालणार? १५९०मध्ये मिशनऱ्यांनी युरोपातून छापखाना जपानात नेला. तो जहाजाने गोव्यामार्गे गेला. वाटेत गोव्यात मुक्काम असताना, १५८८मध्ये, हारा मार्तिन्यो या जपानी तरुणाचं लॅटिन भाषण त्यावर छापलं गेलं. याच छपाईच्या परंपरेतून १६०३मध्ये नागासाकीला जपानी-पोर्तुगीज कोश निघाला आणि पुढच्या वर्षी त्याची पुरवणी. दोन्ही मिळून सुमारे ३२ हजार शब्द.

या कोशात शब्द रोमन लिपीत आणि रोमन क्रमाने लावले होते. म्हणजे शब्द कानावर पडला, तर सापडणार. पाद्र्यांना लोकांचं बोलणं समजून घ्यायचं होतं, त्यामुळे त्यांचं काम भागलं. पण लिहिलेल्या अक्षराचं कुलूप तसंच राहिलं.

रेघा मोजणारे लोक

ते कुलूप उघडायची चिनी युक्ती जुनी आहे. अक्षराचा मुख्य घटक ओळखायचा, म्हणजे पाणी, झाड, माणूस, हात असं काही. मग उरलेल्या रेघा मोजायच्या. १७१६च्या कांग्शी कोशात असे २१४ घटक वापरले गेले आणि तीच पद्धत जपानी कांजी-कोशांनी उचलली. इंग्रजीतून शिकणाऱ्यांसाठी अँड्र्यू नेल्सन यांचा कांजी-कोश १९६२मध्ये आला आणि काही पिढ्यांचा सोबती झाला.

पण रेघा मोजणं सोपं काम नाही. छापील अक्षरात जिथे दोन रेघा दिसतात, तिथे हाताने लिहिताना एकच वळणदार रेघ असते. मुख्य घटक डावीकडचा की वरचा, यावर नवशिक्या अडतो. एका शब्दासाठी पाच-पाच मिनिटं जायची आणि पानभर मजकुराला अख्खा रविवार. जॅक हॅल्पर्न यांनी १९९०च्या आपल्या कोशात यावर नवा मार्ग काढला. अक्षराची ठेवण बघा : डावं-उजवं, वर-खाली, वेढलेलं, की अखंड? मग प्रत्येक भागाच्या रेघा मोजा. जपानी परंपरा माहीत नसलेल्या माणसाच्या डोळ्यांना काय दिसतं, तिथून ही पद्धत सुरू होत होती.

तोवर जपानात मात्र दुसरीच क्रांती होऊन गेली होती.

टेबलाएवढं यंत्र

संगणकाला हजारो अक्षरं शिकवायची कशी, हा जपानचा स्वतःचा प्रश्न होता. सुगिमोतो क्योता यांनी १९१५च्या सुमारास जपानी टंकलेखनयंत्र बनवलं होतं. त्यात दोन हजारांहून जास्त खिळे होते आणि टंकलेखिका त्यांतून एकेक अक्षर हुडकून उचलत असे. तशी कळफलकाची थाळी प्रत्येक घरात कशी जाणार?

१९७८ हे वर्ष इथे महत्त्वाचं. त्या वर्षी जपानने संगणकासाठी अक्षरांची राष्ट्रीय यादी जाहीर केली. तिच्यात ६,३४९ कांजी होत्या आणि प्रत्येकीला क्रमांक दिला होता. या यादीचा एक मजेशीर किस्सा आहे. काही अक्षरं अशी निघाली की ती कुठल्याच कोशात नव्हती! लोक त्यांना ‘भुताची अक्षरं’ म्हणू लागले. १९९७च्या तपासात बऱ्याचशांचा उगम सापडला. एक अक्षर तर कागदाचे दोन तुकडे चिकटवताना मधे पडलेल्या कडेच्या सावलीतून जन्मलं असावं. कुणीतरी ती सावली रेघ समजून उतरवून घेतली. अशी अक्षरं आजही तुमच्या फोनमध्ये आहेत, कारण एकदा क्रमांक दिला की तो काढून घेता येत नाही. यंत्राच्या पोटातल्या याद्या माणसांनीच केलेल्या असतात, चुकांसकट. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तोशिबा कंपनीने जेडब्ल्यू-१० हे यंत्र जाहीर केलं. आकार ऑफिसच्या टेबलाएवढा, किंमत ६३ लाख येन. मोरी केनइची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात जे केलं, ते आज आपण सहज वापरतो : उच्चार टाइप करा, यंत्र योग्य कांजी सुचवेल.

हे वाटतं तितकं सोपं नाही. जपानीत सारख्या उच्चाराचे शब्द ढिगाने आहेत. गमतीने एक वाक्य सांगतात : ‘किशा नो किशा गा किशा दे किशा शिता.’ पहिला किशा म्हणजे आपली कंपनी, दुसरा पत्रकार, तिसरा आगगाडी, चौथा कचेरीत परतणं. आपल्या कंपनीचा पत्रकार आगगाडीने कचेरीत परतला! यंत्राला हे कळायचं, तर त्याला व्याकरण हवं, शब्दांचा साठा हवा, आणि माणूस मागच्या वेळी काय निवडून गेला याची आठवणही हवी.

या शोधाचा फायदा परदेशी विद्यार्थ्याला आयताच मिळाला. आता कांजी हाताने काढता आली नाही तरी चालतं. उच्चार टाइप करायचा आणि दाखवलेल्यांतून ओळखायची. याची दुसरी बाजूही आहे. जपानी लोकांचीच हाताने लिहायची सवय सुटू लागली आणि ‘वापुरो-बाका’ असा चेष्टेचा शब्द रूढ झाला, म्हणजे वर्ड प्रोसेसरमुळे बिनडोक झालेला माणूस. ओळखता येणं आणि लिहिता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आलं. आजही नुसत्या अ‍ॅपवर शिकलेला विद्यार्थी कागद-पेन समोर आलं की अडतो, त्याचं मूळ इथे आहे.

मेलबर्नचा प्राध्यापक

आता आपल्या गोष्टीतला मुख्य माणूस. जिम ब्रीन. तेव्हा ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठात संगणकशास्त्राचे प्राध्यापक आणि जपानी भाषेचे हौशी विद्यार्थी. १९९१च्या सुमारास त्यांनी एका साध्या जपानी-इंग्रजी शब्दयादीवर काम सुरू केलं. एक जपानी लेखन-कार्यक्रम होता, त्याच्या सोबत एक छोटी यादी यायची. ब्रीन तिच्यात भर घालू लागले. फाईलचं नाव ‘ईडिक्ट’. रचना इतकी साधी की कुणालाही समजावी : कांजी, कंसात उच्चार, तिरक्या रेघेनंतर अर्थ. एका ओळीत एक शब्द.

ही फाईल त्यांनी इंटरनेटवर मोफत ठेवली. जगभरातले विद्यार्थी, अनुवादक, शिक्षक शब्द पाठवू लागले. मग कांजींची वेगळी फाईल झाली. तिच्यात प्रत्येक अक्षराच्या रेघा, उच्चार, घटक आणि वेगवेगळ्या छापील कोशांतले क्रमांक होते. १९९४-९५च्या सुमारास मायकल रेन यांनी कांजी सुट्या करून, कोणत्या अक्षरात कोणकोणते घटक आहेत त्याची यादी केली. आता मुख्य घटक ओळखायची गरजच उरली नाही. अक्षरात जे काही ओळखीचं दिसतंय ते टिचका : इथे ‘तोंड’ दिसतंय, इथे ‘झाड’. संगणक चाळणी लावून चार-पाच अक्षरं समोर ठेवतो. आपण ज्या अडचणीपासून सुरुवात केली, तिचं कुलूप असं निघालं.

पुढे फाईलचं रूप सुधारलं, तिला जेएमडिक्ट नाव मिळालं आणि नोंदी वाढत सुमारे दोन लाखांवर गेल्या. २०००मध्ये या सगळ्याची मालकी एका संशोधन-गटाकडे सोपवली गेली. परवाना खुला : कुणीही वापरा, विकाऊ अ‍ॅपमध्येही घाला. उगम सांगा, आणि भर घातलीत तर तीही खुली ठेवा. म्हणून ‘जिशो’ हे संकेतस्थळ असो, शब्दावर माउस नेला की अर्थ दाखवणारं ‘रिकाइचान’ असो, की फोनवरचे अनेक जपानी कोश असोत, आत झरा तोच आहे. वरचं भांडं फक्त वेगळं.

विसरण्याचं गणित

शब्द सापडला. पण तो लक्षात कसा राहायचा? हे दुसरं कुलूप.

हेर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५मध्ये विसरण्यावर पुस्तक प्रसिद्ध केलं. प्रयोगाचा उंदीर तो स्वतःच. निरर्थक अक्षरगट पाठ करायचे आणि किती वेळाने किती विसरतं ते मोजायचं. निष्कर्ष असा की विसरणं सुरुवातीला झपाट्याने होतं आणि मग मंदावतं. आणि उजळणी एका बैठकीत कोंबण्यापेक्षा दिवसांत विभागली तर कमी कष्टात जास्त टिकतं. १९७२मध्ये सेबास्टियान लाइटनर यांनी कप्प्यांची पेटी सुचवली. आठवलेलं कार्ड पुढच्या कप्प्यात जातं, न आठवलेलं पहिल्या कप्प्यात परत. पुढचे कप्पे कमी वेळा उघडायचे.

पोलंडमधल्या पोझनानचा एक विद्यार्थी, पिओत्र वोझनियाक, याने हे काम संगणकाकडे दिलं. आधी त्याने कागदावर स्वतःच्याच आठवणींच्या नोंदी ठेवल्या आणि १९८७च्या डिसेंबरमध्ये ‘सुपरमेमो’ हा कार्यक्रम लिहिला. त्याचं गणित असं : नवं कार्ड एक दिवसाने, मग सहा दिवसांनी. त्यानंतर प्रत्येक वेळी मागच्या अंतराला एका गुणकाने गुणायचं. सुरुवातीला तो २.५. म्हणजे सहाचे पंधरा, पंधराचे साधारण अडतीस, अडतीसचे चौऱ्याण्णव. सोपं वाटलं तर गुणक वाढतो, जड गेलं तर घटतो, विसरलात तर पुन्हा पहिल्या दिवसापासून. हिशेब करा : पाच उजळण्यांत शब्द पाच महिने तुमच्याजवळ राहतो.

२००६च्या ऑक्टोबरमध्ये डेमियन एल्म्स या ऑस्ट्रेलियन तरुणाने, स्वतः जपानी शिकत असताना, याच गणितावर आधारलेला कार्यक्रम लिहिला आणि खुला केला. नाव ठेवलं ‘आंकी’. जपानीत आंकी म्हणजे पाठांतर. आज वैद्यकीय विद्यार्थी शरीरशास्त्र पाठ करायला आंकी वापरतात. पण त्या नावातच त्याची जन्मकथा आहे.

आंकी वापरलेला प्रत्येक जण एक अनुभव सांगेल. मीही त्यातलाच. उत्साहात रोज तीस नवे शब्द घातले. तीन आठवड्यांनी गावी लग्नाला गेलो, सहा दिवस फोन उघडला नाही. परतलो तर कार्डांचा ढीग वाट बघत होता. तेव्हा दोन महिने जपानी सोडलं होतं. दोष गणिताचा नव्हता. हावरेपणा माझा होता. रोज दहा नवे शब्द घ्या. गणित आजच्या उत्साहाचा विचार करत नाही, पुढच्या महिन्यातल्या ओझ्याचा करतं.

आणखी एक सावधगिरी. जपानी भाषा प्रावीण्य परीक्षा १९८४मध्ये १५ देशांत सुरू झाली आणि सुमारे ७ हजार जण बसले होते. २०१०मध्ये तिची रचना बदलून एन-१ ते एन-५ अशा पायऱ्या झाल्या. तेव्हापासून शब्दांची अधिकृत यादी प्रसिद्ध होत नाही. म्हणजे अ‍ॅपमध्ये ‘एन-३चे शब्द’ म्हणून जे मिळतं ते कुणीतरी बांधलेला अंदाज असतो. वापरा, पण वेदवाक्य समजू नका.

तीनशे वाक्यांचा गृहपाठ

सुटा शब्द पुरत नाही, वाक्य लागतं. ती वाक्यं कुठून आली?

जपानात ह्योगो विद्यापीठात तानाका यासुहितो नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी विद्यार्थ्यांना गृहपाठ दिला : प्रत्येकाने ३०० जपानी वाक्यं इंग्रजी अर्थासह जमवून आणायची. काही वर्षांत सुमारे २ लाख १२ हजार जोड्या जमल्या. २००१मध्ये त्यांनी हा संग्रह सर्वांसाठी खुला केला. त्यात चुका भरपूर होत्या : टाइपिंगच्या चुका, दुबार आलेली वाक्यं, अवघडलेलं इंग्रजी. ब्रीन आणि इतर स्वयंसेवकांनी तो निवडून-पाखडून घेतला, नंतर तो ‘तातोएबा’ या खुल्या वाक्यसंग्रहात गेला आणि तिथून असंख्य अ‍ॅपमध्ये. तातोएबा म्हणजे ‘उदाहरणार्थ’.

म्हणून अ‍ॅपमधलं एखादं वाक्य विचित्र वाटलं, तर आठवा : ते कदाचित परीक्षेच्या आदल्या रात्री तीनशेचा आकडा पुरा करणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याचं असेल. भुताच्या अक्षरांचीच ही भावंडं.

इंग्रजीचा वळसा

आता ती उणीव. ब्रीन यांच्या कोशात इंग्रजीसोबत जर्मन, फ्रेंच, डच, रशियन, हंगेरियन, स्लोव्हेनियन अशा भाषांतले अर्थही जोडले गेले आहेत, कारण त्या त्या भाषेच्या लोकांनी ते तयार केले. मराठी त्यात नाही. मराठी माणूस जपानी शिकतो तो इंग्रजीला वळसा घालून. ‘मग काय बिघडलं, इंग्रजी येतंच की,’ असं तुम्ही म्हणाल. काय बिघडतं ते दाखवतो.

‘वाताशी वा माइनिची एकी दे शिम्बुन ओ काइमास.’ वाताशी म्हणजे मी, माइनिची रोज, एकी स्टेशन, दे म्हणजे ‘-वर’, शिम्बुन वर्तमानपत्र, काइमास विकत घेतो. ओळीने वाचा : मी रोज स्टेशनवर वर्तमानपत्र विकत घेतो. एकही शब्द जागचा हलवावा लागला नाही. इंग्रजीतून गेलात तर क्रियापद उचलून मधे आणावं लागतं आणि पुन्हा शेवटी नेऊन ठेवावं लागतं.

पुढची गंमत क्रियापदांची. ताबेरु म्हणजे खाणं, ताबेते म्हणजे खाऊन, मिरु म्हणजे पाहणं. ताबेते मिरु? खाऊन पाहणं! मोत्ते कुरु म्हणजे घेऊन येणं, मोत्ते इकु म्हणजे घेऊन जाणं. ओकु म्हणजे ठेवणं, आणि कात्ते ओकु म्हणजे विकत घेऊन ठेवणं. पाहुणे यायच्या आधी आपण साखर आणून ठेवतो, तसं. ताबेते शिमाउ म्हणजे खाऊन टाकणं, संपवणं. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे व्याकरणाचे वेगवेगळे नियम म्हणून पाठ करावे लागतात. आपल्याला ते जन्मापासून येतात, फक्त कुणी सांगत नाही.

आणि अनुकरणवाचक शब्द! छातीत दोकीदोकी होतं, म्हणजे धडधडतं. चांदण्या किराकिरा करतात, म्हणजे लुकलुकतात. घासलेलं भांडं पिकापिका, म्हणजे लखलखीत. पाऊस झाझा, म्हणजे धो धो. इंग्रजी अर्थाला इथे अर्धी ओळ खर्चावी लागते. मराठीत एक शब्द पुरतो.

गैरसमज नको. जपानी आणि मराठी एका कुळातल्या भाषा नाहीत. जपानीत लिंगभेद नाही. ‘वा’ आणि ‘गा’ यांतला फरक आपल्यालाही छळतो. वस्तू मोजायचे वेगवेगळे शब्द आणि आदराची क्रियापदं मुळापासूनच शिकावी लागतात. पण जिथे वाट सरळ आहे, तिथे आपण उगाच घाट चढतो आहोत.

आपला रकाना

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१चा, सुधारलेली आवृत्ती १८५७ची. आज तो शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कुणालाही शोधता येतो. त्या साहेबाने मराठी पंडितांना सोबत घेऊन शब्द जमवले, म्हणून परक्याला मराठीची दारं उघडली. आज आपणच दुसऱ्याच्या दाराशी उभे आहोत आणि कोश आपल्याला करायचा आहे.

फार मोठं काम आहे का? हिशेब बघा. रोजच्या वापरातले पाच हजार शब्द. पन्नास जणांनी रोज दोन-दोन शब्दांचे नेमके मराठी अर्थ लिहिले, तर दिवसाला शंभर, म्हणजे पन्नास दिवस. तपासायला आणखी तेवढेच धरा. पुण्या-मुंबईतले जपानीचे शिक्षक, जपानात नोकरी करणारे आपले अभियंते, हैदराबाद-बडोद्यातले विद्यार्थी, अशी माणसं आहेत. आधार खुला आहे, परवानगी कुणाची मागायची नाही. भर खुली ठेवायची, एवढीच अट.

चुका होतील. तानाकांच्या विद्यार्थ्यांनीही केल्या. यादी खुली होती म्हणून त्या सुधारल्या गेल्या. ब्रीन यांनी सुरुवात केली तेव्हा त्यांच्याजवळ तरी काय होतं? एक छोटी फाईल आणि एका ओळीत एक शब्द.

या भागाखाली तुमच्या आवडीचा एक जपानी शब्द लिहा आणि त्याचा मराठी अर्थ असा द्या, की इंग्रजीची आठवणच येऊ नये. पहिला मी देतो. ‘नात्सुकाशिई’ : जुनं काही अचानक समोर आलं की जीव हळवा होतो, ते.

पुढच्या भागात भेटू. नमस्कार.